पाठक बाईंचे साक्षीदार

पाठक बाईंवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिणार आहे, त्या वाचून हा माणूस आता मऊ पडला असं कुणाला वाटायला नको. त्यांनी माझ्या टेबलासमोर बसून, माझ्या कारखान्याच्या फोनवरून, माझ्याच गिऱ्हाइकाला माझा माल वापरू नका म्हणून सांगितलं. असं करणारं माणूस विसरता येत नाही. माफ करणं तर अजून जमलेलं नाही.

मी केदारखेड्याचा. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पेंडीची दलाली करता करता तेलाचा घाणा घेतला आणि मग जवसाच्या तेलाची पावडर करायचा कारखाना काढला. जवस आमच्याकडे चटणीत खातात. शहरातल्या लोकांना आता त्यातलं ओमेगा-तीन पाहिजे असतं, आणि ते लाडवात, बिस्किटात मिसळता यावं म्हणून तेल कोरडं करून लागतं. तेल आणि डिंक पाण्यात घुसळायचे आणि ते मिश्रण गरम हवेत फवारायचं. तेलाच्या एकेका बारीक थेंबाभोवती डिंकाचं कवच वाळतं. एवढं मला यंत्र विकणाऱ्यानं सांगितलं होतं. जवसाचं तेल हवेशी किती लवकर वैर धरतं, ते त्यानं सांगितलं नाही. ते सांगायला बाई आल्या.

बाई जालन्यातच, मस्तगडात, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. अंगानं बारीक, साडी सुती, चष्मा गळ्यात दोरीला. नोकरीची बोलणी करायला आल्या तेव्हा पिशवीत स्वतःचा गरम पाण्याचा थर्मास घेऊन आल्या होत्या. मी सवयीप्रमाणे मनातल्या आकड्याच्या बराच खालचा पगार सांगितला आणि त्या वर चढवतील म्हणून वाट पाहत बसलो.

"पगार तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "अटी माझ्या."

"कोणत्या?"

"माझ्या खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, पान खाऊन कुणी यायचं न्हाई. आणि मला कुलपाचं एक कपाट पाहिजे."

"कशाला?"

"साक्षीदार ठेवायला."

मला वाटलं, बाईच्या डोक्यात फरक आहे. पण माणूस स्वस्तात मिळत होतं. मी ताबडतोब हो म्हटलं आणि सौदा जिंकला म्हणून चहा सांगितला. बाईंनी चहा घेतला नाही. सकाळी बाराच्या आत त्या गरम पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत, कारण बाराच्या आत त्यांचं नाक कामावर असायचं.

साक्षीदार म्हणजे नमुने. एका वेळी निघणारा माल म्हणजे एक घाणा; अशा प्रत्येक घाण्यातली तीन पाकिटं त्या बाजूला काढायच्या. एक कपाटात, एक थंड्या पेटीत आणि एक कारखान्याच्या पत्र्याखालच्या माळ्यावर. आमच्याकडच्या उन्हात तो पत्रा काय तापतो ते जालनेकराला सांगायला नको. बाई म्हणायच्या, दुकानात माल सहा महिने पडून राहणार, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. पत्र्याखाली पंधरा दिवस काढू द्या, पुढचं सगळं तो आधीच सांगतो.

त्यांची तपासायची पद्धत अशी. स्टीलची झाकणाची वाटी. तिच्यात चमचाभर पावडर, वर थर्मासमधलं कोमट पाणी, झाकण. शंभर आकडे मनात मोजायचे. मग झाकण बोटभर उचलून एकच श्वास आणि झाकण बंद. मी एकदा म्हटलं, नीट दोन-तीनदा घ्या की वास, कशाची घाई आहे? त्या म्हणाल्या, "पहिला वास खरा असतो, रामभाऊ. दुसऱ्या वासाला नाक स्वतःची समजूत घालतं."

यंत्र चालवणारा अन्वर मिस्त्री शुक्रवारी अत्तर लावून यायचा. त्या दिवशी त्याला खोलीत प्रवेश बंद. तो खिडकीतून नमुना आत द्यायचा आणि बाहेरून विचारायचा, "क्या बाई, आज पास के फेल?" बाई आतून म्हणायच्या, "माल पास, मिस्त्री फेल." अन्वर हे सगळ्या कारखान्याला हसत सांगायचा. मी मात्र पान खाऊन एकदा आत गेलो, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. मालकाला! मी आरडाओरडा केला, दाराला लाथ मारली. नंतर त्यांच्या वहीत पाहिलं तर त्या दिवशीची नोंद होती : "११.१० वाजता मालक ओरडले. वासात फरक नाही."

त्या वहीत सगळं असायचं. कोणतं दार उघडं होतं, हवा दमट होती का, पाकिटात नायट्रोजन भरताना यंत्र किती वेळ थांबलं. नायट्रोजनचं मला पहिल्यापासून पटत नव्हतं. हवा काढून दुसरी हवा भरायची आणि वर त्याचा खर्चा करायचा! बाई म्हणायच्या, बाहेरच्या हवेत चोर आहे, ह्या हवेत नाही, एवढाच फरक.

आमचं पहिलं मोठं भांडण तेलावरून झालं. पावडरीत तेल जितकं जास्त तितका भाव जास्त. बाईंनी चार भागात एक भाग तेल ठरवलं होतं. मी म्हटलं, तीनात एक करा. त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मंग साडेतीनात एक. त्या पुन्हा नाही म्हणाल्या.

"बाई, कायतरी माझं राहू द्या, कायतरी तुमचं राहू द्या."

"हा मोंढा न्हाई, रामभाऊ. तुम्ही माझ्याशी भाव करता ते ठीक आहे. डिंकाशी करू नका. त्याला कळत न्हाई."

मग त्यांनी मला करंजीवरून समजावलं. सारण जास्त भरलं की करंजीला बाहेरूनही लागतं, आणि कढईत आधी जळतं ते बाहेर लागलेलं सारण. आतलं शाबूत असतं, पण सगळी करंजी जळकी लागते. आपल्या पावडरीचा एकेक कण ही करंजीच आहे. कवचाच्या आत आहे ते तेल टिकतं, बाहेर राहिलं ते हवेला सापडतं.

मला हे कळलं, पण पटलं नाही. चैत्रात बाई रामनवमीच्या उत्सवाला जांब समर्थला गेल्या. मी अन्वरला म्हटलं, साडेतीनात एक लाव. तो कुरकुरला, मी ओरडलो, त्यानं लावलं. बाई परत आल्या, अन्वरनं वहीत लिहून ठेवलेलं पाहिलं. त्या घाण्याचं पाकीट त्यांनी गुपचूप माळ्यावर ठेवलं. पंधरा दिवसांनी मी जेवून हात धुऊन बसलो, तर समोर वाटी.

"झाकण उचला."

मी उचललं. घराला ऑइलपेंट देऊन झाल्यावर डब्यातून जसा दर्प येतो, तसा.

"ह्यात ते ई-जीवनसत्त्व डबल टाकलं असतं तर?" मी विचारलं. तेल खवट होऊ नये म्हणून आम्ही ते चिमूटभर टाकायचो.

"राखणदार किती ठेवायचे त्याचंही माप असतं," बाई म्हणाल्या. "जास्त झाले की तेच गोंधळ घालतात." आणि वाटी उचलून निघून गेल्या. मी हरलो हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला ते जास्त लागलं. सांगितलं असतं तर भांडता आलं असतं.

पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. बाळंतिणींसाठी लाडू बनवणारी कंपनी. पहिला माल पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. मोंढ्यात ज्यांनी मला पोती मोजायला लावली होती, त्यांच्या देखत मी ट्रक भरून पुण्याला पाठवणार होतो. त्यासाठी घुसळायची मोठी टाकी पाहिजे होती. जालन्यात भंगाराला तोटा नाही. मी एक जुनी टाकी अशा भावात आणली की अन्वरनं कानाला हात लावला. ती बसवताना बाई येऊन पाहून गेल्या. काहीतरी विचारलं. मी घाईत होतो. काहीतरी उत्तर दिलं.

माल तयार झाला. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला, पास झाल्याचा कागद आला. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस थांबू. पुण्याचे साहेब म्हणाले, आठ दिवसांत द्या. आठव्या दिवशी सकाळी ट्रक दारात लागला आणि बाई माळ्यावरचं पाकीट घेऊन वाटी करून बसल्या. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"हा माल जाणार न्हाई."

"काय झालं?"

"वास लागलाय. थोडा आहे, पण लागलाय."

"कागद हाये ना आपल्याकडं!"

"कागद पहिल्या दिवसाच्या मालाचा आहे. पहिल्या दिवशी सगळेच ताजे असतात."

मी उठलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ट्रकवाल्याला सांगितलं, निघ. बाईंच्या सहीच्या जागी मी स्वतः सही केली. ट्रक फाटकाबाहेर गेला. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि फोन जवळ ओढला.

"काय करून राह्यल्या?"

"पुण्याला फोन. मागं करायचा नव्हता, म्हणून तुमच्यासमोर करते."

"बाई, फोन खाली ठेवा."

"ज्या बाळंतिणीला आधीच घास उतरत न्हाई तिला आपण खवट खाऊ घालायचं का, रामभाऊ?"

आणि त्या बोलल्या. माल उतरवून घ्या, पण पंधरा दिवस वापरू नका, मग उघडून वास घेऊन पाहा. बस, एवढंच. त्यांनी फोन ठेवला आणि मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका. त्यांनी पिशवी भरली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि वही पुढे केली.

"किल्ली मिळाली म्हणून सही करा."

मी सही केली. रागानं पेन कागदात रुतलं. त्यांनी पाहिलं असणार, पण त्याची नोंद केली नाही. वही टेबलावरच ठेवून त्या गेल्या.

माल पुण्याहून परत आला. काम गेलं. त्यानंतरचे तीन घाणेही तसेच बिघडले. तेव्हा मी मोंढ्यात उघड सांगायला लागलो की पाठक बाईंनी दुसऱ्या कारखानदाराचे पैसे खाल्ले, जाता जाता काहीतरी करून गेल्या. लोक मान डोलवायचे. एक दिवस अन्वर वही घेऊन आला. "शेठ, गालियां बाद में. पहले बाईकी वही तो पढो."

वाचली. शेवटचा चांगला घाणा आणि पहिला बिघडलेला घाणा यांच्या मध्ये एक नोंद होती : "जुनी टाकी बसवली. खालचा कॉक पितळी. कल्हई? मालकांना विचारले. मालक म्हणाले, पितळ लोखंडापेक्षा भारी."

कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, हे माझ्या आईला माहीत होतं. कॉकमधून, म्हणजे टाकीच्या तोटीतून, कोमट मिश्रण जाताना पितळेतलं तांबं त्यात उतरत होतं, आणि तांबं उतरलं की तेल झपाट्यानं खवट होतं. इतकी साधी गोष्ट. आणि ती मला विचारली गेली होती.

मी कॉक बदलून स्टीलचा बसवला. नवा घाणा काढला आणि पुण्याला फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाई आहेत का तुमच्याकडे अजून? त्यांनी सही केली तर पाठवा."

म्हणजे ज्या फोननं माझं काम घालवलं, त्या फोनमुळेच बाईंच्या सहीला किंमत आली होती. माझ्या सहीला काही नाही.

मस्तगडात गेलो. बाईंनी दार उघडलं. थकल्यासारख्या वाटल्या.

"मोंढ्यात म्हणता म्हणे, पाठक बाईनं पैसे खाल्ले."

"म्हणलो," मी म्हटलं.

"बसा. पाणी घ्या."

मी कॉकचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, पाकीट पुढे ठेवलं. त्यांनी ते उचललंच नाही.

"माझं नाक गेलं, रामभाऊ. मधे ताप आल्ता, त्यात गेलं. गॅसवर दूध करपून कोळसा झालं, शेजारीण ओरडत आली तेव्हा कळलं."

 मला सुचलं ते माझ्या सवयीचंच.

"त्यांना कुठं माहीत आहे? नुसती सही करा, बाई. कॉक तर बदललाच हाये."

"न्हाई."

"अर्ध्या मालावर करा. अर्धा मी थांबवतो."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

"तुम्ही घ्या वास," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस माळ्यावर ठेवा. रोज सकाळी, चहाच्या आधी, पान न खाता. पंधराव्या दिवशी ते पाकीट घेऊन इथं या. तुम्ही वास घेऊन सांगा, मी तुमच्या शब्दावर सही करते."

माझ्या शब्दावर! मोंढ्यात माझ्या शब्दावर कुणी एक पोतं उचललं नसतं. माझा धंदाच असा होता की मी हो म्हटलं तरी समोरचा मनात वीस टक्के कापून घ्यायचा. मी पंधरा दिवस पान सोडलं. चौथ्या दिवसापासून मला वेगवेगळे वास यायला लागले, अन्वरच्या साबणाचा, वहीच्या पुठ्ठ्याचा, ओल्या पोत्याचा. दहाव्या दिवसापर्यंत वाटीतून नुसता डिंकाचा गोडसर वास यायचा. नंतरच्या दिवसांत मला शंका आली की नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी टेबलावर वाटी, थर्मास, कागद आणि पेन. त्यांनीच पाणी ओतलं, झाकण घातलं. आम्ही दोघं मनात आकडे मोजत बसलो. मग त्यांनी मान हलवली आणि मी झाकण उचललं.

एकच श्वास. खवट वास पुसट होता. दुसरा कुणी असता तर त्याला कळलाही नसता. पुण्याच्या साहेबांना तर बिलकुल नाही. बाई माझ्या तोंडाकडे पाहतही नव्हत्या, त्या कागदाकडे पाहत होत्या, पेन हातात धरून. मी वास न्हाई म्हटलं असतं तर त्यांनी सही केली असती. तेवढ्यासाठी मी आलो होतो. मला वाटलं, पुन्हा एकदा वास घेऊन बघावा, कदाचित भास असेल. हात झाकणाकडे गेलाही. मग मला कळलं की मी काय करतोय.

"हाये," मी म्हटलं. "थोडा हाये."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"पुण्याला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

सांगितलं. माल अजून नीट नाही, पाठवत नाही, वेळ लागेल. साहेब म्हणाले, बरं. त्या बरंचा अर्थ मला अजून लागलेला नाही. काम द्यायचं की नाही ते पुढच्या माणसावर असतं. त्या दिवशी काम मिळणं आणि जाणं, दोन्ही शक्य होतं.

माझा राग कशाबद्दल आहे ते आता नीट सांगता येतं. तो पहिला फोन त्यांनी मला करू द्यायला पाहिजे होता. मी केला नसता, हे मलाही माहीत आहे. तरी राग आहे.

फोन ठेवल्यावर बाईंनी चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावलं. "चला. कॉक बदललात, पण टाकीला अजून काय काय जोडलंय ते पाहू." माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, पिशवी मांडीवर घेऊन. आदल्या भांडणाचा एक शब्द नाही, मोंढ्यातल्या बोलण्याचा एक शब्द नाही. अन्वर त्यांना पाहून धावत आला आणि एकदम थबकला; शुक्रवार होता. बाई म्हणाल्या, "या मिस्त्री, आता चालतं." त्याला ते कळलं नाही. मी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या मुलीकडे नांदेडला राहायला गेल्या. परत भेट नाही. मला बाई दिसतात त्या त्याच दुपारच्या. टाकीच्या मागे, स्टुलावर चढून, सगळ्या पायपाला एक हात लावून चाचपताना. पायपाला वरून चंदेरी रंग दिलेला होता, सगळं सारखंच दिसत होतं. एका जोडापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी कमरेची घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकानं रंग खरवडायला सुरुवात केली, हळूहळू, चष्मा नाकावर ढकलत. मी खाली स्टूल धरून उभा होतो. रंगाच्या पापुद्र्यांखालून पिवळं पितळ दिसायला लागलं तेव्हा त्यांनी किल्ली थांबवली. बोट बाजूला घेतलं, मला दिसावं म्हणून.